कितवीपासून?

२०२५ चा जून. शाळा उघडून आठवडा झाला होता. विंझरच्या एसटी थांब्याशेजारच्या दुकानात पावसापासून आडोसा घेऊन उभा होतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. राजगड-तोरण्याला निघालेले ट्रेकर याच रस्त्याने पुढे जातात. एक गृहस्थ पहिलीतल्या मुलीला घेऊन चाररेघी वही विकत घ्यायला आले होते. तेवढ्यात टाय बांधलेल्या मुलांनी भरलेली पिवळी गाडी नसरापूरच्या दिशेने गेली. ती वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले. मग मला म्हणाले, "सर, हिला इथल्याच शाळेत घातलीय. इंग्लिश पहिलीपासून आहेच, आता हिंदी बी लागणार म्हणत्यात. हिला अजून आपलीच अक्षरं येईनात. बाहेरच्या देशात कितवीपास्नं शिकवत्यात ओ दुसरी भाषा?"

तिथे उभ्या उभ्या मी काहीतरी अर्धवट बोललो आणि नंतर ते मला खटकत राहिलं. या प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळायला हवं. महाराष्ट्राचं सरकारही त्या महिन्यात याच प्रश्नाशी झगडत होतं.

आधी ती चाररेघी वही बघू. मराठीच्या दुरेघी वहीत अक्षर वरच्या रेघेला लटकतं. चाररेघीत इंग्रजी अक्षर खालून दुसऱ्या रेघेवर बसतं, कुणाची मान वर जाते, कुणाची शेपटी खाली लोंबते. एक गोल आणि एक दांडी इकडेतिकडे फिरवली की बी, डी, पी आणि क्यू अशी चार अक्षरं होतात. मराठीत अक्षर उलटं काढलं तर ते चुकीचं ठरतं, त्याचं दुसरं अक्षर होत नाही. मराठीत 'क'ला काना दिला की 'का', आज तसंच आणि उद्याही तसंच. इंग्रजीत एकच स्वराक्षर प्रत्येक शब्दात वेगळं बोलतं. मोठ्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र दोन्ही रीती एकाच आठवड्यात शिकायच्या असतात. पहिलीपासून दुसरी भाषा हे शब्द शासन निर्णयात वाचताना ही वही मी डोळ्यांसमोर ठेवतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढली आणि आठवीवर नेली. मातृभाषेत पाया पक्का व्हावा आणि खेड्यातलं मूल इंग्रजीपायी मागे पडू नये, हा त्यामागचा हेतू. शहरांतल्या पालकांना तो पटला नाही. जानेवारी १९५४ मध्ये सरकारने आणखी पुढचं पाऊल टाकलं: इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून इतरांना प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आदेश टिकू दिला नाही. पालकाला हवी असलेली भाषा सरकारी हुकमाने अडवता येत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढे महाराष्ट्र राज्यात इंग्रजी पाचवीवर स्थिरावली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला विचारा, पाचवीतला इंग्रजीचा पहिला तास त्याला आठवतो. मग जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून आली. या निर्णयामागची तळमळ खरी होती. पुण्यातल्या मुलाला जे मिळतं ते वेल्ह्यातल्या मुलाला का मिळू नये, हा त्यातला सवाल होता आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. अडचण दुसरीकडे होती. शिकवणार होते ते गुरुजी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, तेही बहुधा भाषांतराच्या पद्धतीने. लहान मुलांशी इंग्रजीत बोलायचा सराव त्यांना कुणी दिलाच नव्हता.

२०२५ चा वाद आपल्या सगळ्यांच्या आठवणीत ताजा आहे. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने हिंदी ही तिसरी भाषा पहिलीपासून अनिवार्य केली. विरोध झाला तेव्हा १७ जूनला सुधारित निर्णय आला: हिंदी 'सर्वसाधारणपणे' शिकवायची, दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं त्या भाषेसाठी पाहिजेत. वेल्ह्याच्या, आता राजगड म्हणायच्या, या तालुक्यात वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांची सगळी पटसंख्याच वीसच्या आत असते. ही अट लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर अशी शाळा नव्हती, एवढं मी ठामपणे म्हणतो. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्रिभाषा सूत्र कितवीपासून आणावं हे सुचवण्यासाठी नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. दुकानातल्या त्या बापाचा प्रश्न असा समितीपुढे गेला.

आता जग बघू. युरोपीय संघातल्या देशप्रमुखांनी २००२ मध्ये बार्सिलोनाला ठरवलं की प्रत्येक मुलाला मातृभाषेशिवाय दोन भाषा, आणि त्याही लहानपणापासून, शिकवाव्यात. आज युरोपातल्या बहुतेक देशांत पहिली परकी भाषा सहा ते आठ या वयात सक्तीची होते. नॉर्वेत १९९७ पासून आणि डेन्मार्कमध्ये २०१४ पासून इंग्रजी पहिलीतच आहे. फिनलंड आधी तिसरीला सुरू करायचा, २०२० पासून पहिलीत आला. बेल्जियमच्या जर्मन भाषक भागात तर तिसऱ्या वर्षी, बालवाडीत, फ्रेंचची गाणी सुरू होतात. उलट इंग्लंडने २००४ मध्ये चौदा वर्षांनंतरची परकी भाषेची सक्ती काढली आणि २०१४ मध्ये सात ते अकरा या वयोगटासाठी ती आणली. ज्यांची भाषा सगळे शिकतात त्यांना दुसऱ्याची शिकायची निकड वाटत नाही. अमेरिकेत तर देशभर लागू असा नियमच नाही.

लक्झेंबर्गची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. मूल बालवाडीत लक्झेंबर्गी बोलतं, सहाव्या वर्षी परंपरेने जर्मनमधून लिहावाचायला शिकतं आणि पुढे फ्रेंच शिकतं. तीन भाषा, आणि तिन्ही रस्त्यावर ऐकू येणाऱ्या. तरीही ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोलली जाते त्या मजुरांच्या मुलांना जर्मनमधून वाचायला शिकणं जड जातं आणि त्यावर तिथे वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. श्रीमंत देश, भरपूर शिक्षक, छोटे वर्ग, आणि तरी अक्षरओळख परक्या भाषेतून झाली की तीच कळ निघते.

आशियात आकडे थोडे वर सरकतात. दक्षिण कोरियात १९९७ पासून आणि चीनमध्ये २००१ पासून इंग्रजी तिसरीला सुरू होते. जपान सगळ्यात सावकाश चालला. २०११ मध्ये पाचवी-सहावीत 'परकी भाषेची ओळख' आली. २०२० मध्ये ती ओळख तिसरी-चौथीत उतरली आणि पाचवी-सहावीत रीतसर विषय झाला. जपानचे तास मोजले की वेगळंच चित्र दिसतं. तिसरी-चौथीत वर्षाला ३५ तासिका, पाचवी-सहावीत ७०. चार वर्षांच्या २१० तासिका, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या, म्हणजे साधारण १५७ तास. याच्याशेजारी कॅनडातला सेंट लँबर्टचा प्रयोग ठेवा. १९६५ मध्ये क्वेबेकमधल्या इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहाने तिथे मुलांना जवळपास सगळा दिवस फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. रोज पाच तास धरले तर जपानी मुलाची चार वर्षं तिथे ३२ दिवसांत भरतात. दोघांबद्दलही 'लहानपणापासून परकी भाषा' असंच लिहिलं जातं.

म्हणून इयत्तेचा आकडा एकटा काही सांगत नाही. सेंट लँबर्टची मुलं चांगली शिकली हे खरं आहे. पण त्यांच्या घरी, दुकानात, टीव्हीवर इंग्रजी होती आणि साऱ्या खंडात तिचंच राज्य होतं. त्यांची स्वतःची भाषा मागे पडण्याचा धोका कुणालाच दिसत नव्हता. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या बाजूने बोलताना हे उदाहरण दिलं जातं तेव्हा एवढा भाग गाळला जातो.

लहान मूल भाषा पटकन उचलतं, हे आपण सगळे मानतो. पाहुणी आलेली मामेबहीण महिनाभरात आपल्या बोलीत भांडायला लागते, हे घरोघरी पाहिलेलं. पण ती बहीण दिवसभर त्या भाषेत खेळत असते. वर्गातली गोष्ट निराळी. कॅथरिन स्नो आणि मारियान हुफनागल-हुले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचं डच शिकणं तपासलं. १९७८ च्या त्यांच्या अभ्यासात सुरुवातीला सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. इंग्लंडने १९६४ पासून दहा वर्षं प्राथमिक शाळांत फ्रेंचचा मोठा प्रयोग केला. क्लेअर बर्स्टॉल यांच्या १९७४ च्या अहवालाने लवकर सुरुवातीचा फारसा ठोस फायदा दिसत नसल्याचं सांगितलं. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या आणि अकराव्या वर्षी सुरू करणाऱ्या मुलांना सारखेच तास झाल्यावर तपासलं, आणि उशिरा आलेली पुढे होती. कारण सरळ आहे. अकरा वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेत वाचता येतं, नियम समजतो, चुकलं कुठे ते विचारता येतं. उच्चाराच्या आणि बिचकण्याच्या बाबतीत लहान मूल सरस ठरू शकतं, पण त्यासाठी कान भरून भाषा ऐकायला मिळावी लागते आणि बोलणाऱ्याचा उच्चार चांगला लागतो.

याचा धोरणावर परिणाम झालेला पाहायचा तर जर्मनीत जावं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात इंग्रजी तिसरीवरून पहिलीत आणली होती. दोन्ही प्रकारच्या पाच हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर सुरू केलेली मुलं पाचवीत पुढे होती, सातवीत मात्र उशिरा सुरू केलेल्यांनी त्यांना मागे टाकलेलं होतं. हायस्कूलच्या शिक्षकांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, त्यामुळे आधी शिकलेलं वाया गेलं, असंही एक कारण त्यात सुचवलं गेलं. आपल्याकडे पाचवीत शाळा बदलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हेच घडताना मी पाहिलं आहे. २०२१-२२ पासून त्या राज्याने इंग्रजी परत तिसरीवर नेली.

दुसरं जर्मन राज्य बाडेन-वुर्टेमबर्ग. तिथे २००३-०४ पासून परकी भाषा पहिलीत होती, ऱ्हाइनच्या काठी फ्रेंच आणि इतरत्र इंग्रजी. २०१८-१९ पासून ती तिसरीवर गेली आणि वाचलेले तास जर्मन वाचन-लेखनाला आणि गणिताला दिले गेले. याच बाडेन-वुर्टेमबर्गशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये करार केला: आपले कुशल तरुण तिकडे पाठवायचे, आणि त्यासाठी त्यांना इथे जर्मन शिकवायची. वीस-बावीस वर्षांची, आयटीआय किंवा नर्सिंग केलेली मुलं-मुली काही महिन्यांत जर्मनच्या परीक्षा देतात. नोकरी समोर दिसत असते, तास भरपूर असतात आणि शिक्षकाला भाषा येत असते. त्यांच्या पहिलीत जर्मन नव्हती, म्हणून कुणाचं अडलं नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग इंग्रजी परत पाचवीवर न्या. तेही मला पटत नाही आणि त्याचं कारण बंगाल. पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली. मातृभाषेचं तत्त्व चांगलं होतं. पण ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी मुलं खासगी इंग्रजी शाळांत घातली आणि सरकारी शाळेत उरली ती ज्यांना दुसरा मार्ग नव्हता त्यांची मुलं. १९९९ मध्ये इंग्रजी तिसरीला परत आली आणि २००४ मध्ये पहिलीला. ती पिवळी गाडी विंझरच्या रस्त्यावरून आजही जातेच. मराठी शाळेतून इंग्रजी काढली तर तिच्यामागे आणखी दोन गाड्या लागतील.

'सेमी' हा आपल्याकडचा मधला मार्ग: शाळा मराठी, गणित-विज्ञान इंग्रजीत. पट टिकवण्यासाठी खेडोपाडी शाळांनी तो स्वीकारला आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण मलेशियाचा अनुभव माहीत असलेला बरा. तिथे २००३ पासून देशभर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली. खेड्यांतली मुलं मागे पडू लागली, शिक्षक अडखळू लागले, आणि २००९ मध्ये सरकारने २०१२ पासून टप्प्याटप्प्याने मलय भाषेकडे परतायचं ठरवलं. छेद, अंश, हातचा हे शब्द ज्या मुलाच्या तोंडात पक्के बसलेले नाहीत त्याला त्यांची इंग्रजी नावं देऊन गणितही येत नाही आणि इंग्रजीही.

आपलं इंग्रजी कुठे पोहोचलं, याचा अंदाज 'असर' या पाहणीतून येतो. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये २४.५ टक्के. चार-पाच वर्षं रोज चाररेघी वही भरून चारातल्या तीन मुलांना वाक्य वाचता येत नसेल तर इयत्तेवरून भांडण्यापेक्षा वर्गात काय चाललं आहे ते बघायला हवं. विंझरच्या आसपासच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसते. एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो. त्यातून इंग्रजीला वीस मिनिटं मिळाली तरी मिळाली म्हणायची. तिसरी भाषा यात कुठल्या तासाला घालणार? याच तालुक्यातल्या पानशेतला छोट्या शाळा एकत्र आणून समूह शाळेचा प्रयोग झाला, त्याच्या बाजूने भाषेला वेगळा शिक्षक देता येतो असं म्हणता येईल. पण पावसाळ्यात धरणाकाठच्या वाडीवरून सहा वर्षांचं मूल गाडीने रोज ने-आण करायचं, हे लिहायला जितकं सोपं आहे तितकं करायला नाही.

परकी भाषा म्हणजे तरी कोणती? राजगडाच्या बालेकिल्ल्यातला 'बाला' फारसीतून आला आहे, वरचा या अर्थी. किल्ला हा शब्द मुळात अरबी. आज विंझरच्या मुलाला ते आपलेच वाटतात, कारण पिढ्यान् पिढ्या ते कानावर पडले. हिंदी त्याला टीव्हीवरून कळते, न शिकवता. इंग्रजी त्याच्या कानावर शाळेबाहेर क्वचितच पडते. स्वीडन-नेदरलँड्समध्ये इंग्रजी मालिका मूळ भाषेत ऐकून खाली उपशीर्षकं वाचतात. तिथल्या शाळेच्या यशातला मोठा वाटा घरातल्या टीव्हीचा आहे.

मराठी मुलांपैकी काहींच्या वाट्याला याहून गुंतागुंत येते. बेळगावच्या मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तीन लिपी सांभाळाव्या लागतात. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. मॉरिशसमध्ये घरी क्रिओल बोलणारी मराठी वंशाची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय घेतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात. तिथे परकी भाषा मराठी, आणि आईबापांची तक्रारही तीच, आठवड्यातून एकदा ऐकून टिकत नाही.

दोन मराठी उदाहरणं मला आशा देतात. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन मोठेपणी मराठी शिकल्या, परदेशी माणसांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली, आणि फलटणला मराठी माध्यमाची शाळा उभी केली. मूल आपल्या भाषेत अर्थ कळून वाचायला लागलं की पुढचं सगळं सोपं होतं, यावर त्यांनी आयुष्य वेचलं. दुसरं छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या) गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेचं. कोणती परकी भाषा शिकायची असं २०१९ मध्ये वरच्या वर्गांतल्या मुलांनाच विचारलं. रोबो आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने त्यांनी जपानी निवडली, इंटरनेटवरून शिकायला लागली, आणि शहरातले एक जाणकार विनामोबदला शिकवायला पुढे आले. निवड मुलांची होती आणि वाचता येण्याचं वय उलटलेलं होतं.

म्हणून त्या गृहस्थांना आज विचारल्यास मी सांगेन: दादा, बहुतेक देश सहा ते नऊ या वयात सुरू करतात, पण एकच भाषा, आणि बरेच जण ती पहिली दोन वर्षं तोंडीच ठेवतात. पहिली-दुसरीत इंग्रजीची गाणी, खेळ, ऐकणं-बोलणं असू द्या. चाररेघी वही तिसरीत आणा, दुरेघी पक्की झाल्यावर. तिसरी भाषा पाचवी-सहावीनंतर, आणि ती शिकवणारा माणूस आधी नेमून.

जुलैत पुन्हा तिकडे जाणं झालं. शाळेच्या व्हरांड्यात मुलांचे रेनकोट वाळत टाकलेले. इंग्रजीचा तास चालू होता. मॅडमनी नाव विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "माय नेम इज" म्हणायचा आणि पुढे प्रत्येकाचं नाव वेगळं येत असल्याने एकच कल्ला व्हायचा. दुकानातली ती मुलगी खिडकीजवळ बसली होती. तिची दुरेघी वही पावसात भिजली होती, म्हणून तिने मराठीचा गृहपाठही चाररेघीतच केला होता. चार ओळींत स्वतःचं नाव चारदा लिहिलेलं, दर वेळी वरच्या लाल रेघेला नीट लटकवलेलं.